वॉरंटीतल्या घड्याळावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, वॉरंटीतलं माझं घड्याळ बंद पडतं आणि सर्व्हिस सेंटरमध्ये अडकून पडलंय, या माझ्या लेखावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की लाखांचं स्विस ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) घेतलं तर ते थोडं मागेपुढे होणारच, सर्व्हिसला वेळ लागतोच, एवढीच घाई होती तर टायटनचं बॅटरीवरचं क्वार्ट्झ घ्यायचं नाहीतर गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे द्यायचं, तुमचं एचएमटी 40 वर्षं चालतंय, आणि मी हा लेख काढून टाकावा. मुद्दे महत्त्वाचे आहेत म्हणून नीट उत्तर देतोय, लांबेल थोडं.

मागेपुढे होण्याची माझी तक्रारच नाहीये. मेकॅनिकल घड्याळाची मर्यादा मला मान्य आहे, स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, सर्टिफिकेट मिळवायला सुद्धा दिवसाला सरासरी उणे 4 ते अधिक 6 सेकंदांचा फरक चालतो आणि साधं क्वार्ट्झ त्यापेक्षा कितीतरी अचूक असतं, यावर आपलं भांडण नाही. माझं घड्याळ बंद पडतं. दिवसभर हातात असतं, रात्री काढून ठेवलं की सकाळी थांबलेलं, आणि कंपनी म्हणते की पूर्ण चावी भरली की जवळपास 3 दिवस चालेल.

आता हा बिघाड सर्व्हिस सेंटरला सापडत का नाही ते सांगतो, कारण खरी मेख इथेच आहे. तिथे घड्याळ गेलं की आधी क्राऊन (बाजूची चावी) फिरवून फुल चावी देतात, मग टाइमग्राफरवर ठेवतात. ते मशीन टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद फरक पडतोय आणि बॅलन्स व्हील (आतलं मागेपुढे झुलणारं चाक) किती अंश फिरतंय ते दाखवतं, आणि चावी भरलेली असेल तर 270-300 अंश दिसतात, म्हणजे एकदम ठणठणीत. पण माझ्या घड्याळात हाताने चावी दिली तर ते सांगितलेला वेळ पूर्ण चालतं, मी घरी भरून बाजूला ठेवून बघितलंय, हातात घालून मात्र भरत नाही, म्हणजे दोष रोटरपासून (हात हलला की फिरणारं वजन) चावीच्या मुख्य स्प्रिंगपर्यंत ताकद पोचवणाऱ्या भागात कुठेतरी असणार. तो टाइमग्राफरवर दिसणारच नाही! त्यासाठी घड्याळाची चावी पूर्ण उतरू द्यायची, मग घड्याळ फिरत्या स्टँडवर लावायचं आणि किती भरतं ते तासांत मोजायचं. हे मी जॉबशीटवर (दुरुस्तीला देतानाचा कागद) लिहून मागितलं होतं तरी पहिल्या वेळी शेरा आला ‘टॉलरन्समध्ये आहे’, म्हणजे फरक मर्यादेतच आहे, आणि घड्याळ जसंच्या तसं परत. दुसऱ्यांदा दिलं तेव्हा दोष मान्य केला, आणि तेव्हापासून पार्ट परदेशातून येतोय.

मोबाईल-स्पीकरच्या चुंबकाने घड्याळ बिघडलं असेल हा मुद्दा काढलात, तो चांगला आहे आणि बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. पण चुंबक लागलं की आतल्या दुसऱ्या, केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बहुतेक वेळा भरमसाठ पुढे जायला लागतं. होकायंत्राजवळ धरून सुई हलते का बघा, हलली तर डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणारं यंत्र) काही सेकंदांत काम होतं. माझं पुढे जात नाही.

एचएमटीबद्दल. तुमचं घड्याळ चालतंय याचा मनापासून आनंद आहे, आणि ते का चालतंय हे बघाच. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटीझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं सुरू केली, जनता सारखी मॉडेलं साधी हातचावीची, पार्ट कुठल्याही शहरात मिळायचे आणि कुठलाही कारागीर ती उघडायचा. माझ्या घड्याळाचे पार्ट कंपनी बाहेर देतच नाही, आणि गल्लीतल्या माणसाने, त्याचा हात कितीही चांगला असो, झाकण उघडलं की वॉरंटी गेली. म्हणजे दुसरीकडे जायचा रस्ता कंपनीनेच बंद केलाय, मग स्वतःच्या दारात ताटकळत ठेवायचा हक्क तिला कसा काय मिळतो? आपल्याकडे सरकारने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, पण सुरुवातीला धरलेली क्षेत्रं शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं आणि गाड्या अशी होती, घड्याळं नव्हती.

आणि सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की घड्याळ त्यांच्या कपाटात पडून असताना माझी वॉरंटी संपत चाललीय. कार्डावर कुठेही लिहिलेलं नाही की तो काळ वाढवून मिळेल. वॉरंटीचे पैसे मी किमतीतच मोजलेत सर, ती काही दुकानदाराने केलेली मेहेरबानी नाही. श्रीमंतांचे चोचले म्हणालात ते लागलं थोडं, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर असो नाहीतर घड्याळ, वेळेत दुरुस्त करून देण्याचा शब्द तोच आहे.

ज्यांचं घड्याळ असंच अडकलंय त्यांच्यासाठी पण लिहितो. देताना जॉबशीटवर दोष आपल्या शब्दांत लिहून घ्या, घड्याळ थांबलेलं असताना शेजारी फोनची वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा, फोनवर काही बोलणं झालं तर त्याच दिवशी ईमेलने कळवा, आणि वॉरंटी वाढवून लेखी मागा. नाहीच ऐकलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, भरलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आयोग दोष काढून द्या, वस्तू बदला किंवा पैसे परत करा असा आदेश देऊ शकतो. तक्रार करायची मुदत मात्र 2 वर्षांची आहे, पार्ट येतोय पार्ट येतोय ऐकत ती घालवू नका.

लेख मी काढणार नाही. त्यात कंपनीचं नाव घेतलेलं नाही, लिहिलंय ते जॉबशीट आणि ईमेल समोर ठेवूनच लिहिलंय. मी त्यांना लेखी कळवलंय की एक तर पूर्ण मूव्हमेंट (आतली यंत्रणा) बदलून नव्याने वॉरंटी द्या, नाहीतर पैसे परत करा, आणि उत्तरासाठी महिनाअखेरची मुदत दिलीय. तोवर उत्तर आलं नाही तर आयोगाच्या तक्रारीचा मसुदा तयारच आहे, दाखल केला की इथेच टाकेन.