ट्रिप टेस्टला वेळ मागितला की कपाळाला आठ्या का पडतात?

देखभालीसाठी प्लांट बंद ठेवण्याचे, म्हणजे शटडाउनचे, दिवस कमी करायचे ठरले की पहिली कात्री इंटरलॉक टेस्टिंगला लागते. धोक्याची पातळी गाठली की व्हॉल्व्ह किंवा प्लांट आपोआप बंद पाडणारी यंत्रणा म्हणजे इंटरलॉक; ती खरंच बंद पाडते का हे पाहणं म्हणजे ट्रिप टेस्ट. पंपांचं ओव्हरहॉल होतं, एक्स्चेंजर उघडून साफ होतात, कारण ती कामं टाळली तर महिन्याभरात प्रॉडक्शनला झळ बसते. ट्रिप टेस्ट टाळली तर काहीच होत नाही. प्लांट चालू होतो, माल निघतो, पुढच्या वर्षी परत तेच. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस आहे आणि या ‘काहीच होत नाही’चा मला मनापासून राग येतो.

कंट्रोलचं इन्स्ट्रुमेंट बिघडलं की लपत नाही. फ्लो ट्रान्समीटर (प्रवाह मोजून कंट्रोल रूमला सिग्नल पाठवणारा) चुकीचं दाखवायला लागला की बॅच बिघडते आणि पॅनेल ऑपरेटरचा फोन येतोच. वायर तुटली तरी कळतं. सिग्नल शून्याऐवजी ४ मिलिअँपपासून सुरू करण्याचं एक मोठं कारण तेच आहे: टाकी रिकामी असली तरी ४ दिसायला हवेत, शून्य आलं म्हणजे लाइन गेली. पण टाकीच्या डोक्यावरचा हाय-हाय लेव्हल स्विच, टाकी काठाला आली की भरणा तोडणारा, वर्षानुवर्षं काही न करता उभा असतो. चांगला असला तरी गप्प, मेलेला असला तरी गप्प. तो कोणत्या अवस्थेत आहे हे एकतर टेस्टमध्ये कळतं, नाहीतर ज्या रात्री त्याची गरज पडते त्या रात्री.

इंग्लंडमध्ये बन्सफील्डला ती रात्र आली. लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशायरमधला इंधन साठवणुकीचा डेपो. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी टाकी क्रमांक ९१२ मध्ये पाइपलाइनने पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमारास लेव्हल गेज अडकला. टाकी साधारण दोन तृतीयांश भरलेली असताना स्क्रीनवरची रेघ आडवी झाली आणि तशीच राहिली. खाली पेट्रोल चढतच होतं. हाय लेव्हलचे अलार्म त्याच गेजच्या आकड्यावर बेतलेले, त्यामुळे एकही वाजला नाही. हा गेज आधीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकला होता. दर वेळी तात्पुरतं काहीतरी करून भागवलं गेलं.

यानंतर उरला तो स्वतंत्र हाय लेव्हल स्विच. गेजशी त्याचा संबंध नव्हता. फ्लोट उचलला गेला की त्याने थेट भरणा बंद करायचा. त्याला टेस्टसाठी एक छोटा लिव्हर होता आणि तो लिव्हर कामाच्या जागी धरून ठेवायला एक कुलूप लागायचं. कुलूप काढलं की लिव्हर खाली यायचा आणि स्विच निकामी व्हायचा. कुलूप लावलेलंच नव्हतं, कारण ते छेडछाड होऊ नये म्हणून असावं असा समज होता. साडेपाचनंतर टाकी वरून वाहू लागली, अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर पडलं, त्याच्या वाफेचा ढग आसपास पसरला आणि ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. वीसहून अधिक टाक्या पेटल्या, चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली. मृत्यू एकही नाही, त्यात रविवारची पहाट होती याचा वाटा फार मोठा. स्विच बसवलेला होता, ड्रॉइंगमध्ये होता, वायरिंग झालेलं होतं. तो बसवल्यानंतर आणि प्रत्येक टेस्टनंतर कामाच्या अवस्थेत परत आलाय का, हे पाहणारी पद्धत नव्हती.

म्हणून टेस्ट ‘केली’ एवढ्याने माझं समाधान होत नाही. कशी केली ते मी विचारतो. रिअ‍ॅक्टरचा हाय टेंपरेचर इंटरलॉक घ्या. तापमान वाढलं की स्टीमचा व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. बहुतेक ठिकाणी काय होतं, तर डीसीएसमधून, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधून, खोटी व्हॅल्यू टाकतात (फोर्स करतात), किंवा ट्रान्समीटरला सेन्सरऐवजी डीकेड बॉक्स (हवा तो रेझिस्टन्स देणारी पेटी) लावून १३८.५ ओहम देतात. १०० अंश दिसले, हूटर वाजला, चेकलिस्टवर टिक. यात लॉजिक तपासलं गेलं, पण लॉजिक क्वचितच मरतं. आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, थर्मोवेलच्या (तो ज्या नळीत बसतो तिच्या) तळाला टेकलाय की अर्धवट वर राहिलाय? तो काढून ड्राय ब्लॉकमध्ये (ठरलेल्या तापमानाच्या टेस्ट भट्टीत) खरोखर तापवला का? व्हॉल्व्हची हवा सोडणाऱ्या सोलेनॉइडची पॉवर गेल्यावर व्हॉल्व्हमधली हवा सुटते का, की पावसाळ्यात इन्स्ट्रुमेंट एअरमधल्या पाण्याने आत गंज धरलाय? ग्लँड (स्टेमभोवतीचं पॅकिंग) इतकी आवळलीय का की स्प्रिंगला स्टेम ढकलवत नाही? आणि बंद झालेला व्हॉल्व्ह पासिंग, म्हणजे आतून गळत, तर नाही ना? सेन्सरपासून व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत सगळं एका दमात हललं, तरच मी त्याला ट्रिप टेस्ट म्हणतो.

अंतर वाढवलं तर बिघडतं काय, याचा हिशोब अवघड नाही. समजा एखादा लूप, म्हणजे सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंतची साखळी, सरासरी १०० वर्षांत एकदा गुपचूप मरतो. दर वर्षी टेस्ट केली तर मेल्यावर तो सरासरी सहा महिने तसाच पडून राहतो, म्हणजे ऐन वेळी दगा देण्याची शक्यता साधारण २०० त १. तीच टेस्ट चार वर्षांवर नेली की ५० त १. सुरक्षा यंत्रणांसाठीच्या आयईसी ६१५११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मोजपट्टीवर तुम्ही सिल-२ वरून सिल-१ वर आलात (सिल म्हणजे भरवशाची पातळी, आकडा मोठा तितका भरवसा जास्त), आणि प्लांटमधला एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. सिल-२ चं सर्टिफिकेट फाइलमध्ये लावून टेस्ट पुढे ढकलणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं.

प्रॉडक्शनची अडचण मला मान्य आहे. चालू प्लांटवर टेस्ट करताना नको तेव्हा ट्रिप बसला तर बॅच जाते, कधीकधी रिस्टार्टमध्येच जास्त धोका असतो. त्यावर उपाय आहेत: तीनपैकी दोन ट्रान्समीटरची मान्यता लागणारं व्होटिंग, व्हॉल्व्ह थोडासाच हलवून पाहणारी पार्शल स्ट्रोक टेस्ट. दोन्हींना पैसे लागतात, ते डिझाइनच्या वेळीच मागावे लागतात. पण बॅच जाईल म्हणून जंपर (इंटरलॉकला बगल देणारी वायर) टाकायचा आणि तो मार्शलिंग कॅबिनेटमध्येच (फील्डच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या कपाटात) विसरायचा, ही अडचण नाही, हा गुन्हा आहे.

आणि हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुरा डेपोत पेट्रोल गळायला लागलं. कंट्रोल रूममधून व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय मुळात होती, पण काही वर्षांपासून ती चालत नव्हती. सव्वा तासाच्या आसपास गळती चालू राहिली, मग स्फोट झाला. ११ माणसं गेली.

तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ, कुठेही असाल आणि येत्या शटडाउनचं शेड्यूल तुमच्या हातात असेल, तर ट्रिप टेस्टला ‘वेळ उरला तर’च्या रकान्यातून बाहेर काढा. तिला स्वतःचे तास द्या, ऑपरेटरला शेजारी उभं करा, आणि शेवटी जंपर, फोर्स, लिव्हर, कुलूप सगळं जागेवर आल्याची सही टेस्ट न करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून घ्या. त्या सहीशिवाय स्टार्टअपचं परमिट निघता कामा नये.