छेदाच्या वाटेला जाऊ नका

सार्वजनिक आरोग्याच्या पात्रता परीक्षेला बसायचं ठरवलंत, उत्तम. पहिलं काम साहित्य गोळा करायचं. वाचायचं नाही, फक्त गोळा करायचं. चार-पाच जाडजूड ग्रंथ, तेही मागच्या दोन आवृत्त्यांसकट. कुणीकुणी पुढे ढकललेल्या नोट्सच्या पीडीएफ. एकाच धड्यावर चार वेगवेगळ्या माणसांचे व्हिडिओ. फोल्डर इतकं फुगलं पाहिजे, की ते उघडायलाच संगणकाला दम लागावा. तेवढं झालं की निम्मी तयारी झाली असं धरायला हरकत नाही.

अभ्यासक्रमाचा अधिकृत आराखडा मात्र उघडू नका. कोणत्या विभागाला किती टक्के वजन आहे ते त्यात लिहिलेलं असतं. ते एकदा कळलं, की साथरोगांचा आवडता भाग तीन महिने चघळत बसण्यातली मजा जाते. आरोग्य धोरण, कायदा, नीतिमत्ता, व्यवस्थापन, अंदाजपत्रक ही सगळी मंडळी ‘ते काय, वाचलं की येतं’ या कप्प्यात टाकावीत. हा कप्पा परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचा असतो.

प्रगती मोजायची ती फक्त अंशात, म्हणजे अपूर्णांकाच्या वरच्या आकड्यात. आज ८० पानं झाली. आज अकरा तास बैठक मारली. आतापर्यंत ४०० प्रश्न सोडवले. पुस्तक मिटल्यावर त्या ८० पानांतलं किती सांगता येतं, ४०० पैकी किती बरोबर आले, असले प्रश्न मनात आले तर त्यांना हाकलून द्या. ते छेदाकडून आलेले असतात, आणि छेद हा माणसाचा उत्साह मारतो. एकदा ही सवय हाडीमाशी खिळली, की परीक्षेच्या खोलीतही ती तुमची साथ सोडणार नाही. कारण या परीक्षेत सापळे लावायची परीक्षकाची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे अपूर्णांकाची खालची ओळ.

मृत्यूचे दर घ्या. एक लाख वस्तीत २०० जणांना आजार झाला आणि २० दगावले. २० ला २०० ने भागलं की केस फेटॅलिटी १० टक्के. एक लाखाने भागलं की मृत्युदर लाखामागे २०. पहिला आकडा आजार किती घातक ते सांगतो, दुसरा त्या वस्तीला त्याचा किती भार पडला ते. तुम्ही इतक्या खोलात शिरू नका. प्रश्नात ‘मृत्यू’ दिसलं की समोर येईल त्या संख्येने भागायचं. माता मृत्यूच्या गुणोत्तरात तर डोळे मिटून सगळ्या गरोदर स्त्रिया छेदात घाला. तिथे प्रत्यक्षात जिवंत जन्मांची संख्या असते, लाखाच्या हिशेबात. मातांचे मृत्यू वर आणि बाळांचे जन्म खाली, म्हणून तर त्याला गुणोत्तर म्हणतात. प्रसूतीनंतर किंवा गर्भ गेल्यानंतर किती दिवसांपर्यंतचा मृत्यू त्यात धरायचा, याचं उत्तर ‘साधारण महिना-दोन महिने’ असं ठेवा. ४२ हा आकडा ज्यांना आठवतो ते लोक जरा कोरडेच असतात.

इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्स एकच समजा. एक नव्याने पडणारे रुग्ण मोजतो, दुसरा त्या घडीला असलेले सगळे, नवे-जुने मिळून. मग परीक्षक विचारतो: आजार बरा न करता रुग्णाला जास्त वर्षं जगवणारं औषध आलं, तर प्रिव्हॅलन्सचं काय होईल? औषध आलं म्हणजे आजार कमी होणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘कमी होईल’ वर खूण करून पुढे व्हा. रुग्ण आता मरत नाहीत, मोजणीत राहतात, म्हणून आकडा वाढतो, हा विचार करायला दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ कुणाला आहे?

आता स्क्रीनिंग, म्हणजे लक्षणं नसलेल्यांची चाळणी. हा खरा मेव्याचा भाग, तेव्हा इथे चुकायचं ते सविस्तर चुकावं. प्रश्न असा येतो: चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना आजारी ओळखण्याची क्षमता) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोग्यांना निरोगी ओळखण्याची) ९५ टक्के, आजाराचं प्रमाण १ टक्का. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? तुम्ही बेधडक ९० टक्के लिहा. पर्यायांत तो आकडा ठेवलेलाच असतो, तुमच्यासाठी.

काही खडूस उमेदवार इथे कच्च्या कागदावर चौकट आखतात. १०,००० माणसं धरतात. आजारी १००, त्यातले ९० चाचणीत सापडले, १० निसटले. निरोगी ९,९००, त्यातल्या ५ टक्क्यांना म्हणजे ४९५ जणांना चाचणीने उगाचच आजारी ठरवलं. एकूण पॉझिटिव्ह ५८५, खरे आजारी ९०. उत्तर १५ टक्क्यांच्या आसपास. मग ही मंडळी आजाराचं प्रमाण २० टक्के धरून तीच चौकट पुन्हा भरतात: खरे पॉझिटिव्ह १,८००, खोटे ४००, आणि उत्तर एकदम ८२ टक्क्यांवर. चाचणी तीच, तिचे दोन्ही गुणधर्म तेच, बदलली ती माणसं. ही चौकट रोज एकदा, वेगवेगळे आकडे घालून, आठवडाभर भरली तर हा प्रश्न आयुष्यात पुन्हा चुकत नाही. म्हणून तर सांगतो, भरू नका. त्याऐवजी चार सूत्रं चार रंगांच्या हायलायटरने रंगवा. ‘ए’ भागिले ‘ए अधिक बी’ की ‘ए अधिक सी’ (ए म्हणजे खरे पॉझिटिव्ह, बी खोटे पॉझिटिव्ह, सी निसटलेले आजारी), हे परीक्षेत आठवेनासं झालं तर रंग तरी आठवतील. प्रश्नपत्रिकेने चौकट आडवीची उभी करून दिली, की रंगही काही करू शकत नाहीत. पण तो पुढचा प्रश्न.

रिलेटिव्ह रिस्क आणि ऑड्स रेशो यांच्यातही भेदभाव करू नका. जेवणातून झालेल्या विषबाधेत एक पदार्थ खाणाऱ्या १०० पैकी ६० आजारी पडले, न खाणाऱ्या १०० पैकी २०. रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे खाणाऱ्यांची जोखीम भागिले न खाणाऱ्यांची, ३. ऑड्स रेशो, म्हणजे खाणाऱ्यांतलं आजारी-निरोगींचं प्रमाण भागिले न खाणाऱ्यांतलं तेच प्रमाण, काढायला ६० गुणिले ८० ला ४० गुणिले २० ने भागलं तर ६. एकाच ताटातून दोन उत्तरं. आजार दुर्मीळ असला, म्हणजे हजारात ६ विरुद्ध हजारात २ असा, तर दोन्ही ३ च्या जवळ येतात. याच एका ओळीच्या आधारावर तुम्ही दोन्ही सगळीकडे सारखेच माना. केस कंट्रोल अभ्यासात (आजारी आणि निरोगी निवडून त्यांचा भूतकाळ तपासणाऱ्या) किती आजारी आणि किती निरोगी घ्यायचे हे संशोधकच ठरवतो, त्यामुळे तिथे लोकांमधली जोखीम काढायला मुळात छेदच हाती नसतो, म्हणून ऑड्स रेशो वापरावा लागतो. हे कारण समजून घेतलं तर पाठ करायला काहीच उरत नाही, आणि मग पहाटे चारला उठायचं कशासाठी?

इतिहास मात्र वाचा, पण गोष्टीपुरता. डॉक्टर जॉन स्नो, १८५४, लंडन, कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, काढलेला दांडा. इथे थांबा. दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती, हे कळलं की गोष्टीतला नाट्यमय शेवट जातो. आणि त्याने दुसरीकडे केलेला खटाटोप तर अगदीच नीरस. दोन कंपन्यांचं पाणी एकाच भागातल्या शेजारशेजारच्या घरांत जात होतं. एक कंपनी थेम्सचं घाण पाणी उचलत होती, दुसरी शहराच्या वरच्या अंगाचं. स्नोने नुसते मृत्यू मोजले नाहीत, घरं मोजली. साउथवार्क आणि व्हॉक्सहॉल कंपनीची ४०,०४६ घरं, मृत्यू १,२६३. लॅम्बेथची २६,१०७ घरं, मृत्यू ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. पंपाचा दांडा सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि ही भागाकाराची वही विस्मरणात जाते, ही आपल्या क्षेत्राची परंपराच आहे. ती मोडू नका.

एखादी गोष्ट आजाराला खरंच कारणीभूत आहे का, हे ताडून पाहायचे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांचे १९६५ चे नऊ मुद्दे आद्याक्षरांची कविता करून घोका आणि त्यांना ‘निकष’ म्हणा. त्यांनी स्वतः त्यांना दृष्टिकोन म्हटलं होतं, तपासणीची यादी म्हणून ते दिलेच नव्हते. नऊपैकी सात जुळले म्हणजे कार्यकारणसंबंध ७८ टक्के सिद्ध, असं मानणं फार सोयीचं पडतं. ‘कारण’ हे ‘परिणामा’च्या आधी घडलेलं असावंच लागतं, हा एकच मुद्दा असा की तो नसला तर बाकीचे सगळे असूनही उपयोग नाही. प्रश्नही बहुधा त्याच्यावरच येतो. तुमच्या कवितेत त्याचं अक्षर शेवटच्या ओळीत ठेवा, म्हणजे घाईत ते गळेल.

पी व्हॅल्यू ०.०३ आली तर ‘निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता ३ टक्के’ असं वाचा. प्रत्यक्षात तिचा अर्थ एवढाच: काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के. हे वाक्य लांब आहे आणि कुणावर छाप पडत नाही. रिलेटिव्ह रिस्कचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो) ०.८ ते २.४ दिसला, की त्यात शून्य आहे का ते शोधा. नाही सापडलं तर ‘लक्षणीय’. रिलेटिव्ह रिस्कसाठी शून्य नव्हे, १ शोधायचा असतो; शून्य शोधायचं ते दोन गटांची वजाबाकी दिलेली असेल तेव्हा. दोन्हींत एवढाच काय तो फरक, आणि तो एवढासा असल्यामुळेच परीक्षकाला फार आवडतो.

गोवराची लस हे उदाहरण येणारच. आर नॉट, म्हणजे कुणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो तो आकडा, १५ धरला, तर साखळी तुटायला १ वजा पंधरांश, म्हणजे साधारण ९३ टक्के लोक सुरक्षित हवेत. ९३ टक्क्यांना लस टोचली म्हणजे ९३ टक्के सुरक्षित, असं समजून मोकळे व्हा. लसीचा एक डोस सुमारे ९३ टक्केच परिणामकारक असतो. म्हणजे एका डोसवर अगदी प्रत्येकाला लस दिली तरी तो उंबरठा जेमतेम गाठेल, म्हणून दुसरा डोस. टोचलेले आणि सुरक्षित झालेले यांच्यात गल्लत करण्याची मुभा फक्त कार्यक्रमाच्या अहवालात असते, प्रश्नपत्रिकेत नाही. लसीच्या साठवणीचा प्रश्न आला, तर जितकं थंड तितकं चांगलं. ॲल्युमिनियम असलेल्या हिपॅटायटिस बी सारख्या लशी गोठल्या की वाया जातात आणि २ ते ८ अंश सेल्सिअसमधला खालचा आकडाही कामाचा असतो, हे नजरेआड करा.

बाकीचं भराभर बिघडवता येतं. स्क्रीनिंगला प्राथमिक प्रतिबंध म्हणा (तो दुय्यम: आजार होऊ न देणं प्राथमिक, झालेला लवकर पकडणं दुय्यम). कारखान्यातल्या धुराला पहिला उपाय मास्क सांगा (तो शेवटचा, आधी धोक्याचा पदार्थच काढून टाकणं, मग बदलणं, मग यंत्रणेत सुधारणा, मग कामाचे नियम). साथीच्या तपासात ‘सर्वप्रथम काय कराल’ असं विचारलं, की केस कंट्रोल अभ्यास सुरू करा. निदान पक्कं आहे का आणि रुग्ण खरंच नेहमीपेक्षा जास्त आहेत का, हे बघत बसणं शूराला शोभत नाही. ‘सर्वप्रथम’, ‘सर्वात परिणामकारक’, ‘याखेरीज’ हे शब्द तसेही शोभेचे असतात. चारही पर्याय खरे असू शकतात आणि हा एक शब्दच त्यांतला एक निवडतो, ही अफवा आहे.

सराव परीक्षा देऊ नका. दिलीत तर पुस्तक उघडं ठेवून, तुकड्यातुकड्यांत, घड्याळ पालथं घालून द्या. समजा २०० प्रश्न आणि ४ तास. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद, आणि गणिताचा प्रश्न तीन मिनिटं खातो, तेव्हा व्याख्येचे प्रश्न अर्ध्या मिनिटात उडवून ती वेळ भरून काढावी लागते. हे अंगात मुरायला सलग चार तास बसण्याचा सराव चार-पाच वेळा तरी हवा. तुम्ही पहिल्याच गणिताशी अकरा मिनिटं झुंजा. मागे हटणं आपल्या रक्तात नाही.

चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवणारे काही जण असतात. ते प्रत्येक चुकीसमोर एक शब्द लिहितात: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, किंवा आकडेमोड. महिनाभराने मोजतात, आणि बऱ्याचदा त्यांना दिसतं की मधला शब्दच सगळ्यात जास्त आहे. मग ते नवं पुस्तक आणायचं सोडून प्रश्न सावकाश वाचायला लागतात. पुस्तक विक्रेत्यांचं नुकसान करणाऱ्या या पद्धतीपासून दूर राहा. तुम्ही बरोबर आलेले प्रश्नच पुन्हा सोडवा. टक्केवारी सुंदर वाढते.

परीक्षेत अडलात तर जागा कोरी सोडा, स्वाभिमानाने. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतील, तर चार पर्यायांत आंधळेपणाने ठोकलेलं उत्तरही सरासरी पाव गुण देतं. एक तृतीयांश गुण कापत असतील तर आंधळ्या अंदाजात नफा ना तोटा, आणि एक पर्याय नक्की चूक आहे हे ओळखलं की नफ्याची बाजू. हा हिशेब करायचा म्हणजे सूचनांचं पहिलं पान वाचावं लागतं. पहिलं पान कोण वाचतं?

निकाल लागेल. नाव नसेल, तर त्याच दिवशी एका क्लासची जाहिरात दिसेल: आमचे ३१२ विद्यार्थी उत्तीर्ण, खाली ३१२ हसरे फोटो. लगेच पैसे भरून टाका. भरण्याआधी फक्त ‘कितीपैकी?’ असं विचारू नका. विचारलंत, तर ते तुम्हाला प्रवेश द्यायचे नाहीत, आणि खरं म्हणजे तुम्हालाही मग तो नको असेल.