तणनाशक जमिनीत ‘दहा वर्षं’ राहतं?

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: कोणतंही तणनाशक जमिनीत दहा वर्षं राहतं, ग्लायफोसेटने जमीन नापीक होते, मोठ्या पावसाने थोडंफार धुऊन जातं, आणि उरलेलं गुळाच्या पाण्याने आठ दिवसांत साफ होतं.

गडबड ‘कोणतंही’ या शब्दापासूनच सुरू होते. टू-फोर-डी ओलसर, उबदार जमिनीत साधारण दहा दिवसांत निम्मं होतं. ॲट्राझिनला दोनेक महिने लागतात. पॅराक्वाट खरोखरच वर्षानुवर्षं राहतं, पण मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटून की मुळांच्या हाती ते लागत नाही. ग्लायफोसेटही मातीवर पडलं की बांधलं जातं. फवारलेल्या बांधावर पुढच्या पावसात पुन्हा तण माजतं ते त्यामुळेच. नापीक जमिनीत तेही उगवलं नसतं.

खरी काळजी हवी ती सोयाबीनमध्ये फवारल्या जाणाऱ्या इमॅझेथापायर या तणनाशकाची. १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण), एकरी ४०० मिली, म्हणजे हेक्टरी १०० ग्रॅम सक्रिय घटक (प्रत्यक्ष तण मारणारा भाग). निम्मं व्हायला ६० दिवस धरा. १० जुलैला फवारलं तर ८ ऑक्टोबरला ३५ ग्रॅम शिल्लक. वळताना फवारा दोनदा पडला तिथे ७०. अमेरिकेतल्या लेबलवर हे फवारल्यानंतर पुढचं पीक पेरायला गव्हासाठी ४ महिने, ज्वारीसाठी १८ आणि साखरबीटसाठी ४० महिने थांबायला सांगतात. तिथली थंडी वेगळी, त्यामुळे हे महिने इथे जसेच्या तसे लागू नाहीत; पण पिकापिकातला फरक बघा.

पावसाचं म्हणाल तर मुद्दा धुऊन जाण्याचा नाहीच. इमॅझेथापायर मुख्यतः जिवाणू तोडतात आणि त्यांना ओल लागते. ऑगस्ट-सप्टेंबर कोरडा गेला की वरचा ६० दिवसांचा हिशोब कोलमडतो आणि फटका रब्बीला बसतो. क्लोरीम्युरॉन या दुसऱ्या तणनाशकाचं गणित आणखी वेगळं: सामू (पीएच) ८ च्या आसपास असलेल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते हलक्या आम्लधर्मी जमिनीपेक्षा जास्त टिकतं.

गुळाने जिवाणू चार दिवस वाढतात, पण गूळ खाऊन ते तणनाशकाकडे वळतीलच असं नाही. कुजलेलं शेणखत अवशेष धरून ठेवतं, नांगरटीने ते खालच्या मातीत मिसळून विरळ होतात. उपयोग आहे तो एवढाच.

शंका असेल तर पेरणीच्या महिनाभर आधी कुंडी-चाचणी करा. शेतातल्या ८-१० जागांवरून वरची १५ सेंमी माती घ्या, वळणाची माती वेगळी ठेवा, आणि तुलनेला तशाच पोताची, फवारा न पडलेली माती घ्या. खत मिसळू नका. तळाला भोकं पाडलेल्या कपांत पुढच्याच पिकाच्या दहा-दहा बिया लावून कप उन्हात ठेवा. इमॅझेथापायर असेल तर ज्वारी उगवते, पण खुजी राहते, शिरांमधला भाग पिवळा पडतो आणि उपटल्यावर उपमुळं आखूड, बाटली धुण्याच्या ब्रशसारखी दिसतात. ॲट्राझिन फसवं असतं: उगवण छान होते, बियांतला साठा संपला की मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. म्हणून पाचव्या दिवशी निकाल लावू नका, तीन आठवडे थांबा. फक्त वळणाच्या मातीतली रोपं खुजी निघाली, तर तेवढाच पट्टा सोडा. अख्ख्या शेताचं पीक बदलायचं कारण नाही.