अण्णांचं तेल

चार दिवस झाले, उजव्या अंगठ्याचं नख अजून जांभळं आहे. कुणी विचारलं की ‘दारात सापडला’ म्हणून सांगतो. खरं सांगायचं तर आधी बंदूक, मग काका, मग अण्णा, एवढ्यांची ओळख करून द्यावी लागते.

बंदूक काकांची. बारा बोअरची, सेमी-ऑटोमॅटिक, पाठीला कुबड असलेली जुनी ब्राउनिंग. काकांनी ती 1969 साली घेतली तीच मुळी वापरलेली. पुढं 1972 ला वन्यजीव कायदा आला आणि काकांची शिकार संपली. म्हणजे काकांची उभी शिकारी कारकीर्द तीन वर्षांची, त्यातही काकूंच्या हिशेबानं ससा एक. तेव्हापासून ती कपाटातून दोनदाच निघते: खंडेनवमीला पूजेसाठी आणि आचारसंहिता लागली की जमा करायला. 2024 ला लोकसभा आणि विधानसभा अशा दोन वाऱ्या झाल्या. यंदा परत आली ती नळीवर उसासारखा तांबेरा घेऊन. जमा करताना पावती मिळते. पावतीवर नंबर असतो, तांबेऱ्याचा रकाना नसतो. ऐंशीला टेकलेला माणूस रिक्षा करून बंदूक पोचवतो, रिक्षा करून आणतो, आणि गंज घासायला पुतण्याला फोन करतो. लायसन्स काकांचं, हमाली माझी.

काडतूस बसतं ते चेंबर बघितलं, जादा काडतुसांचं मॅगझिन बघितलं, दोन्ही रिकामी. काका खुर्चीत समोर. सतरंजीवर जुना टॉवेल घातला, तोंड भिंतीकडं करून पुढची टोपी फिरवली आणि नळी काढली. आतून काय निघावं? कुंकू. पन्नास वर्षांची खंडेनवमी बोल्टच्या, म्हणजे चेंबर बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याच्या, खाचेत तेलात मुरून लाल चिखल होऊन बसली होती. काडीनं खरवडताना झेंडूची एक पाकळीही निघाली, पापडासारखी कडक. काकांनी ती उचलून डोळ्याला लावली आणि खिशात ठेवली.

रॉकेलचा वास गल्लीत गेला आणि अण्णा आले.

अण्णा म्हणजे शेजारचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर. बंदूक त्यांनी आयुष्यात हातात घेतलेली नाही. पण स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसहून रायफलचं कांस्य आणलं, तेव्हापासून या गावात नेमबाजीवर न बोलणारा माणूस उरलेला नाही. अण्णांनी ती मॅच मोबाइलवर बघितली होती. हे त्यांनी बसायच्या आधी एकदा आणि बसल्यावर एकदा सांगितलं.

“काय करालायस?”

“साफ करालोय, अण्णा.”

“तेल कुठाय?”

मी फडकं दाखवलं. फ्लॅनेलच्या तुकड्यावर चार थेंब. अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं, जसं लग्नाच्या पंगतीत कुणी अर्धी जिलेबी वाढावी.

“एवढंच? लेका, बंदूक म्हंजे काय? आडवं धरलेलं इंजिन. सिलिंडर हाय, जाळ हाय, धक्का हाय. इंजिन कोरडं चालतंय व्हय?”

आता इथं माझीही चूक झाली. मी समजवायला गेलो. म्हटलं, अण्णा, हिच्यात बार उडाला की अख्खी नळी बोल्टसकट मागं येते. तो धक्का ही स्प्रिंग आणि ही कड्यांची जोडी घासून सोसते. तिथं तेलाचा नुसता हात फिरवायचा. जास्त झालं की कडी घसरते, नळी धाडकन मागं आदळते आणि खांदा निखळायची पाळी येते. हा ब्रेक आहे ब्रेक. सायकलच्या रिमला तेल लावता का?

“चेनला लावतो की.”

“पण ही चेन नाही!”

“मग चेन कुठाय हिची?”

काका खुर्चीतून म्हणाले, “अण्णा म्हणतात त्यात तथ्य आहे.”

एवढ्यात बायकोचा फोन आला, म्हणून मी बाहेर गेलो. दीड मिनिट. आत आलो तर अण्णांच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची काकूंची बाटली, उलटी. मॅगझिनची नळी न्हालेली, स्प्रिंग ठिबकतेय, आणि तेलाची धार अक्रोडाच्या दस्त्याकडं निघालेली. लाकूड असलं तेल पितं आणि मऊ पडतं, हे मी सांगेपर्यंत त्यानं प्यायला सुरुवातही केली होती.

आमचं खासबागेचं कुस्तीचं मैदान 1912 पासून आहे. तिथंही हेच. लढतात दोघं, डाव सांगतात हजार. आणि तेल म्हटलं की आमच्या माणसाला तालमीची लाल मातीच आठवते, ओतून कालवायचंच. पण पैलवानाला निदान अंघोळ करता येते.

मी पुन्हा सगळं पुसलं. दोन बनियन, एक उशीचा अभ्रा. नळी जोडली, टोपी आवळली, बोल्ट मागं घेऊन अडकवला, आणि आतला शेवटचा ओघळ टिपायला काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीत अंगठा घातला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “हे बटण कशाचं?”

ते बोल्ट सोडायचं होतं.

माझ्या तोंडून जे निघालं ते काकूंनी देवघरात ऐकलं. अण्णा मात्र खूश. “बघ! कसा सटकन आला. तेलाचा गुण.”

रात्री काकांचा फोन. अंगठ्याची चौकशी करतील म्हणून उचलला.

“अरे, पुढच्या खेपेला तू त्रास घेऊ नकोस,” काका म्हणाले. “अण्णा करतो म्हणालेत. तू फक्त त्या तेलाची मोठी बाटली आणून ठेव. काकूची संपली.”