सॅच्युरेशन 99 टक्के असताना चेंबर कशाला?

हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देण्याचा उपचार, यावर तुमचे आक्षेप दोन. बायपासनंतर उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) जखमेत जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन मास्कवरही 99 टक्के असतं, मग प्रेशर चेंबरमध्ये जास्तीचं काय मिळणार? आणि या उपचाराच्या मोठ्या रँडमाइज्ड (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटणाऱ्या) चाचण्या कुठे आहेत? दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. हाती आहेत ते बहुतांशी लहान, तुलनेला कच्चे अभ्यास. पहिला मात्र मान्य नाही.

सॅच्युरेशन हिमोग्लोबिनचं असतं, म्हणजे ते ऑक्सिजनने किती टक्के भरलं आहे ते. ते एकदा भरलं की वाढायला जागा उरत नाही. चेंबरमध्ये वाढतो तो प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) विरघळलेला ऑक्सिजन: साध्या हवेत 100 मिली रक्तात सुमारे 0.3 मिली, तर 2.4 अ‍ॅटमॉस्फिअर दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर 4 ते 5 मिली. बायपासच्या ग्राफ्टसाठी (हृदयाला जोडायच्या नव्या वाहिनीसाठी) छातीच्या आतली इंटर्नल मॅमरी धमनी काढून घेतली की त्या बाजूच्या उरोस्थीचा मुख्य रक्तपुरवठा तुटतो, त्यात मधुमेह असला की लहान रक्तवाहिन्याही आधीच खराब. पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, पण जंतू मारायला त्यांना ऑक्सिजन लागतो. जेंटामायसिन या अँटिबायोटिकलाही जंतूच्या आत शिरायला तो लागतोच.

पण मेलेल्या हाडात प्लाझ्माही पोचत नाही. म्हणून आधी डेब्रिडमेंट (मेलेला भाग कापून काढणं), उरोस्थी जोडणाऱ्या सैल झालेल्या तारा काढणं, कल्चर (कोणता जंतू आहे ते तपासणं). चेंबर त्याच्या जोडीला. साधारण 90 मिनिटं ऑक्सिजन, मध्ये पाच-पाच मिनिटं साधी हवा म्हणजे फिट येण्याचा धोका कमी होतो, अशी 20 ते 40 सत्रं. 

खरी भीती वेगळीच, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारायला हवं होतं. निचरा न केलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत अडकलेली हवा) असेल तर दाब उतरवताना 2.4 अ‍ॅटमॉस्फिअरवरची अडकलेली हवा जवळपास अडीचपट फुगते आणि फुप्फुस व हृदय दाबून टाकते. म्हणून आधी एक्स-रे हवाच, आणि ड्रेन (छातीतली हवा बाहेर काढणारी नळी) असेल तर तो चिमटा न लावता, वॉटर सीलवर (हवा बाहेर जाऊ देणाऱ्या पण आत येऊ न देणाऱ्या पाण्याच्या बाटलीवर) चालू. श्वासनलिकेतल्या नळीच्या कफमध्ये (नळीभोवतीच्या फुग्यात) हवेऐवजी सलाइन भरायचं, नाहीतर दाब चढताना कफ आक्रसतो आणि नळीभोवती गळती सुरू होते. पेसमेकर कितपत दाब सोसतो हे उत्पादकाकडून लेखी घ्यायचं. मधुमेहींची साखर आत उतरते, ती आधी मोजायची.

इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) फार कमी असेल तर मी थांबायलाच सांगेन: जास्त ऑक्सिजनने धमन्या आकुंचन पावतात, डाव्या जवनिकेवरचा (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यावरचा) भार वाढतो आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं.