'आयिन' म्हणजे महाशून्य नव्हे, साधे 'नाही'

हिब्रू बायबलमधल्या एका छोट्या शब्दाबद्दलचा मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: 'आयिन' म्हणजे दैवी शून्य. हिब्रूत 'डोळा' आणि 'शून्य' यांना एकच शब्द आहे. 'मी' आणि 'आयिन' यांची अक्षरेही तीच, म्हणजे अहंकार उलटवला की शून्य उरते. ज्ञान 'आयिन'मधून येते असे ईयोबाच्या पुस्तकात लिहिले आहे. देवाने जग 'आयिन'मधून घडवले. जिथे 'आयिन' आहे तिथे अस्तित्वच नाही, आणि आपले गणितातले शून्य ते हेच.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे. म्हणूनच ते वाचणाऱ्याला पटते आणि म्हणूनच एकेक वाक्य सुटे करून पाहायला हवे. पण त्याआधी शब्द नीट ओळखून घेऊ.

आलेफ, योद, नून ही या शब्दाची तीन अक्षरे. तो एकटा किंवा वाक्याच्या शेवटी आला तर 'आयिन', आणि पुढच्या शब्दाला जोडून आला तर 'एन'. हिब्रू बायबलमध्ये तो साडेसातशेहून अधिक वेळा येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे काम आपल्या 'नाही'चे असते. इंग्रजीतून हिब्रू शिकणाऱ्याला हा शब्द अवघड जातो, मराठी माणसाला जाऊ नये. आपले 'नाही' पुरुष आणि वचनाप्रमाणे बदलते: तू नाहीस, ते नाहीत. 'एन'लाही तसेच प्रत्यय लागतात: एनेन्नी (मी नाही), एनखा (तू नाहीस), एनेन्नू (तो नाही), एनाम (ते नाहीत). मराठीत 'जवळ असणे' सांगायला वेगळे क्रियापद लागत नाही, 'तिला मूल नाही' एवढे पुरते. हिब्रूतही तेच. उत्पत्ति 11:30 मध्ये सारायबद्दल 'एन लाह वालाद' असे आहे, शब्दशः 'नाही तिला मूल'. फरक एकच: 'एन'ला काळ नाही. संदर्भ भूतकाळाचा असला की मराठीत 'नव्हते' करावे लागते.

नकाराची इतर कामे इतर शब्द करतात. पूर्ण क्रियापदापुढे 'लो' येतो ('लो तिर्त्साख', खून करायचा नाही). 'भिऊ नको' म्हणायला 'अल' येतो: 'अल तिरा'. 'एन' येतो तो असण्या-नसण्यासाठी, आणि चालू क्रियेच्या नकारासाठी. निर्गम 5:10 मध्ये फारोचा निरोप आहे, 'एनेन्नी नोतेन लाखेम तेवेन': मी तुम्हाला पेंढा देत नाही. यात शून्याचे तत्त्वज्ञान नाही, विटा पाडणाऱ्या मजुरांचा पेंढा बंद केल्याची सूचना आहे.

आता दावे.

"डोळा आणि शून्य, शब्द एकच." ही गल्लत लिप्यंतरामुळे होते. देवनागरीत दोन्ही 'आयिन' असेच लिहावे लागतात, कारण घशातून खोल काढायच्या त्या व्यंजनासाठी आपल्याकडे अक्षर नाही. हिब्रूत 'नाही'चे पहिले अक्षर आलेफ आहे, 'डोळ्या'चे पहिले अक्षर आयिन (या अक्षराचे नावच डोळ्यावरून पडले, जुन्या लिपीत ते गोल काढत). प्राचीन काळी हे दोन आवाज स्पष्ट वेगळे होते, अरबीत आजही आहेत. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारितमध्ये सापडलेल्या, इसवी सनपूर्व चौदाव्या-तेराव्या शतकांतल्या मातीच्या पाट्यांवरही 'नाही' आणि 'डोळा' वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतात. म्हणजे हे दोन शब्द कधी एक होते आणि मग फुटले, असेही म्हणता येत नाही. बायबलमधलाच पुरावा हवा असेल तर हाग्गय 2:3 पाहावे. उद्ध्वस्त मंदिराबद्दल संदेष्टा विचारतो की हे तुमच्या डोळ्यांना काहीच नसल्यासारखे वाटत नाही काय? तिथे 'के-आयिन' (नसल्यासारखे) आणि 'बे-एनेखेम' (तुमच्या डोळ्यांत) हे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत, दोन वेगळ्या अक्षरांनी लिहिलेले.

"'मी' उलटवला की शून्य." हिब्रूत 'मी'ला 'अनी' म्हणतात. 'अनी'ची अक्षरे आलेफ, नून, योद, आणि 'आयिन'ची आलेफ, योद, नून. अक्षरे तीच, क्रम वेगळा, हे खरे. पण मराठीत 'रस' आणि 'सर' यांचीही अक्षरे तीच आहेत, त्यावरून उसाचा सर निघत नाही. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक अंकमूल्य असते, आणि त्यांची बेरीज दोन्हीकडे 61 येते हा पुरावा तर मुळीच नाही: अक्षरे तीच असली की बेरीजही तीच येणार. शिवाय बायबलमध्ये 'मी'साठी 'आनोखी' हा दुसरा शब्दही सर्रास येतो. दहा आज्ञांची सुरुवात त्यानेच होते (निर्गम 20:2). त्यात काफ हे आणखी एक अक्षर आहे आणि ते उलटसुलट केले तरी 'आयिन' होत नाही.

"ज्ञान आयिनमधून येते." सगळ्या मजकुराचा भार या दाव्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबू. ईयोब 28:12 मध्ये 'वे-हाखोख्मा मे-आयिन तिम्मात्से' असे शब्द आहेत. 'मे' म्हणजे 'पासून', 'आयिन' म्हणजे 'नाही', तेव्हा 'ज्ञान नाहीपासून सापडते' असा अर्थ लावला जातो. पण हिब्रूत 'आयिन' असाच दिसणारा आणखी एक शब्द आहे, 'कुठे' या अर्थाचा प्रश्नवाचक. तो नेहमी 'मे' लावूनच येतो: मे-आयिन, कुठून. उत्पत्ति 29:4 मध्ये याकोब विहिरीवरच्या मेंढपाळांना विचारतो, 'आखाय, मे-आयिन आत्तेम?' भावांनो, तुम्ही कुठले? ते सांगतात, आम्ही हारानचे. 'तुम्ही शून्यातून आलात काय?' असा प्रश्न याकोबाने केला असता तर हे उत्तर आले नसते.

ईयोबात तर त्याच ओळीचा दुसरा अर्धा भाग निकाल देतो: 'आणि समजुतीचे ठिकाण कोठे?' हिब्रू कविता बऱ्याचदा एकच गोष्ट दोन अर्ध्यांत दोनदा सांगते. पहिल्या अर्ध्यात 'कुठून', दुसऱ्यात 'कोठे'. वीसाव्या ओळीत हाच प्रश्न पुन्हा येतो. इसवी सनापूर्वी यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरातही इथे 'पोथेन' आहे, म्हणजे 'कुठून'. स्तोत्र 121:1 चेही तसेच: माझे साहाय्य कुठून येईल? पुढच्याच ओळीत उत्तर आहे: परमेश्वराकडून.

'मे-आयिन' दिसले की दर वेळी 'कुठून' असेही मात्र धरू नये. यशया 41:24 मध्ये मूर्तींना उद्देशून 'तुम्ही मे-आयिन आहात' असे म्हटले आहे, आणि तिथे 'काहीच नाही, त्याहूनही कमी' हाच अर्थ लागतो, कारण वाक्य प्रश्न नाही, विधान आहे. शब्दाच्या रूपावरून अर्थ ठरत नसेल तर तो वाक्यावरून ठरवायचा. फिरणाऱ्या मजकुरात नेमके तेवढेच राहून गेले आहे.

ईयोबाची ओळ 'शून्यातून' अशी वाचणारे लोक होते. तेराव्या शतकातल्या काब्बाला या यहुदी गूढवादी परंपरेच्या आचार्यांनी ती तशी वाचली, आणि देवाच्या अगम्य स्वरूपाला 'आयिन' म्हटले. त्यांचे 'एन सोफ' (अंत नाही) त्याच परंपरेतले. ते वाचन सखोल आहे, त्याचा मान ठेवायलाच हवा. पण बायबलचे लेखक आणि हे आचार्य यांच्यात दीड हजारांहून अधिक वर्षे आहेत. नंतरच्या भाष्याला मूळ शब्दाचा अर्थ म्हणून खपवले की दोघांवरही अन्याय होतो.

"जग आयिनमधून घडले." उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात हा शब्द एकदाही नाही. तिथे 'तोहू वा-वोहू' आहे, म्हणजे ओसाड आणि रिकामे. देवाने जे आहे ते नसलेल्यातून केले, हे विधान ग्रीक भाषेतल्या दुसऱ्या मक्काबी ग्रंथात सापडते (7:28), आणि 'येश मे-आयिन' हा ठरीव शब्दप्रयोग मध्ययुगीन आहे. यावरून शून्यातून निर्मितीची श्रद्धा चूक ठरत नाही, ती या शब्दावर उभी नाही एवढेच. निर्मितीच्या कथेत 'आयिन' पहिल्यांदा येतो तो उत्पत्ति 2:5 मध्ये: 'वे-आदाम आयिन', जमीन कसायला माणूस नव्हता.

"आपले शून्य तेच." बायबलमध्ये शून्य हा अंक नाही. आजच्या हिब्रूत शून्याला 'एफेस' म्हणतात, आणि तो शब्द 'आयिन'हून निराळा आहे. त्याच्या मुळाशी 'संपणे' आहे. उत्पत्ति 47:15 मध्ये दुष्काळात गांजलेले मिसरी लोक योसेफाला म्हणतात, पैसा 'आफेस', संपला.

एक गोष्ट मान्य करायला हवी: 'काहीच नाही' असे नाम म्हणूनही 'आयिन' काही ठिकाणी येतो. यशया 40:17 मध्ये सगळी राष्ट्रे देवापुढे 'के-आयिन' आहेत. पण त्याचे मराठी 'राष्ट्रे महाशून्य आहेत' असे होणार नाही. 'त्याच्यापुढे ती खिजगणतीत नाहीत' असे होईल. शब्द दैवी शून्य असता तर हे राष्ट्रांचे कौतुक ठरले असते.

स्वतः तपासायचे तर स्ट्राँगच्या शब्दकोशातले क्रमांक पाहावेत. मोबाइलवरची मूळ शब्द दाखवणारी बहुतेक बायबल-अ‍ॅप ते देतात. 369 म्हणजे 'नाही', 370 म्हणजे 'कुठून', 5869 म्हणजे 'डोळा', 657 म्हणजे 'एफेस'. आधी क्रमांक, मग पहिले अक्षर, मग मागे 'मे' आहे का, आणि असेल तर वाक्य प्रश्नार्थक आहे का, या क्रमाने गेले की घोटाळा होत नाही. स्तोत्रांत एक अडचण येते: ज्या स्तोत्राला शीर्षक आहे तिथे हिब्रू ओळींचे क्रमांक बऱ्याचदा एकाने पुढे असतात. मराठीतले 39:5 हिब्रूत 39:6 आहे.

"आयिन म्हणजे अस्तित्वाचा लोप." या दाव्याने सर्वांत जास्त नुकसान होते, कारण त्याने बायबलमधल्या काही अतिशय दुःखाच्या ओळी बधिर होतात. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलेले असते. थोरला भाऊ रऊबेन खड्ड्यापाशी परत येतो आणि 'एन योसेफ बा-बोर', खड्ड्यात योसेफ नाही. तो कपडे फाडून भावांना म्हणतो, 'हा-येलेद एनेन्नू', पोरगा नाही. योसेफ तेव्हा जिवंत आहे, फक्त तिथे नाही. उत्पत्ति 42:36 मध्ये म्हातारा याकोब म्हणतो, 'योसेफ एनेन्नू, वे-शिमोन एनेन्नू', योसेफ नाही आणि शिमोनही नाही. शिमोन मिसरात कैदेत आहे हे मुलांनी त्याला नुकतेच सांगितले आहे. घरात नसलेल्या मुलासाठी बाप जे 'नाही' म्हणतो, ते हे 'एनेन्नू'. यिर्मया 31:15 मध्ये राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन घेत नाही, 'की एनेन्नू', कारण ती नाहीत. लेकरे अनेक, पण प्रत्यय एकवचनी, 'तो नाही' असाच. आणि लगेच पुढच्या ओळीत देव तिला सांगतो की रडणे आवर, शत्रूच्या देशातून ती परत येतील.