पाहुणा वक्ता कढीसोबत कसा वाढावा

आपल्या तालुक्याच्या गावी एखादा सेवाभावी क्लब काढण्याचा आपला विचार असेल, किंवा आहे त्या क्लबचे अध्यक्षपद येत्या १ जुलैला आपल्या गळ्यात पडणार असेल, तर साप्ताहिक भोजनसभा कशी चालवावी याचे मार्गदर्शन आपल्याला कोणीतरी करायलाच हवे. ते करण्याचा अधिकार मला नुकताच प्राप्त झाला आहे. कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस म्हणून एका क्लबने ऐन श्रावणात मला पाहुणा वक्ता म्हणून बोलावले आणि कपाशीवर फवारणी करताना होणाऱ्या विषबाधेबद्दल बोलावे, अशी विनंती केली. त्या क्लबचे नाव मी सांगणार नाही. तो रोटरीच्या कुळातला की लायन्सच्या, हेही सांगणार नाही. दोन्ही कुळे मूळची शिकागोची, एक १९०५ चे आणि दुसरे १९१७ चे; आमच्या भागात येईपर्यंत मात्र दोघांच्या पंगतीत काही फरक उरलेला नाही.

सभेची वेळ दुपारी एकची छापावी, म्हणजे मंडळी दोनपर्यंत जमतात आणि वक्ता तेवढा वेळ सतरंजीची घडी मोजत बसतो.

सभा दर आठवड्याला, सोमवार ठरला असेल तर दर सोमवारी, घेतलीच पाहिजे, असे आपण ठामपणे सांगावे. रोटरीच्या जागतिक विधिमंडळाने २०१६ मध्येच ही सक्ती सैल केली आणि महिन्यातून दोन सभाही चालतील अशी मुभा क्लबांना दिली, ही बातमी आपल्या गावात पोहोचू देऊ नये. ती पोहोचली तर उरलेल्या सोमवारी करायचे काय, हा प्रश्न उभा राहील, आणि त्याचे उत्तर कदाचित सेवा असे निघेल.

संस्थापकांचा इतिहास भिंतीवरच्या तसबिरीपुरता ठेवावा. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिघांना सोबत घेऊन पहिली बैठक घेतली आणि मंडळी पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमू लागली, इथपर्यंत सांगण्यास हरकत नाही. त्यापुढे जाऊ नये. त्यापुढे गेल्यास असे कळते की या मंडळींनी अवघ्या दोन वर्षांत, १९०७ मध्ये, शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून खटपट सुरू केली, आणि हेच त्यांचे पहिले लोकोपयोगी काम ठरले. हे ऐकून एखादा भाबडा नवा सभासद आपल्या बसस्थानकावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाचा विषय काढील. त्या जागेसमोर उभे राहून समूह छायाचित्र काढणे किती अवघड आहे, याचा त्याने विचार केलेला नसतो.

सभेच्या सुरुवातीला काय म्हणावे, हे कुळावर अवलंबून आहे. क्लब रोटरीचा असेल तर चतुर्विध कसोटी म्हणावी. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर या गृहस्थाने दिवाळखोरीच्या काठावरची एक कंपनी सावरण्यासाठी हे चार प्रश्न लिहिले: हे खरे आहे काय, सर्व संबंधितांना न्याय्य आहे काय, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल काय, आणि हे सर्वांच्या हिताचे आहे काय. म्हणताना आवाज खणखणीत असावा. म्हणून झाल्यावर शेजारच्या खुर्चीवरील कृषी केंद्राच्या मालकाला, युरियाच्या पोत्यासोबत यंदा कोणते टॉनिक लिंकिंगमध्ये गळ्यात मारताहात, असे विचारू नये. तिसऱ्या प्रश्नातील मैत्रीला धक्का पोहोचतो.

क्लब लायन्सचा असेल तर टेल ट्विस्टर हे पद योग्य माणसाकडे द्यावे. सभासदांना विनोदी कारणे काढून दंड करणे, हे त्याचे काम. नवी गाडी घेतली म्हणून दंड, सून आली म्हणून दंड, मागच्या सभेला आला नाही म्हणून दंड आणि आला तर जास्त जेवला म्हणून दंड. खुद्द टेल ट्विस्टरला मात्र उपस्थित सर्वांचे एकमत झाल्याखेरीज दंड करता येत नाही, असे त्यांच्या नियमावलीतच आहे. गावात दोन माणसांचेही एकमत होत नसल्यामुळे हे पद किती सुरक्षित आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. रोटरीवाल्यांनी नाराज होण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे हेच काम सार्जंट करतो.

विनोद बायकोवरच करावेत. ती तिथे नसते. असलीच तर तिला पुष्पगुच्छ देण्यासाठी बोलावलेले असते आणि तिलाही हसावे लागते. रोटरीच्या जागतिक नियमावलीत सभासद म्हणून स्त्रियांना १९८९ पर्यंत प्रवेश नव्हता, याची आठवण ठेवून आपल्या सभागृहातील वातावरण शक्य तितके जुने राखावे. गाणीही म्हणावीत, पण ती आली कुठून ते सांगू नये. सांगतात ते असे की, हॅरी रगल्स नावाच्या शिकागोच्या छापखानेवाल्याला एका सभेत कोणीतरी अचकट विनोद सांगू लागल्याचे लक्षात आले, आणि तो मधेच तोडण्यासाठी त्याने उठून सगळ्यांना गायला लावले. त्याने आमची सभा पाहिली असती तर त्याला घशाला विश्रांती मिळाली नसती. खरे तर विनोदाची आमच्याकडे वाण नाही. पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे असताना आमची म्हातारी माणसे जी झडती नावाची लोककविता म्हणतात, तिच्यात सावकार, सरपंच आणि सरकार या तिघांनाही एका दमात टोला असतो, आणि त्यासाठी कोणाला दंड भरावा लागत नाही. मोबाइलवर आलेला विनोद वाचून दाखवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

माजी अध्यक्षांचा उल्लेख प्रत्येक वेळी पदासह करावा. एकाचा राहिला तर पुढील तीन सभा त्यातच जातात.

आता पाहुण्या वक्त्याकडे येऊ. हा सभेतला सर्वांत स्वस्त पदार्थ असतो. त्याला महिनाभर आधी फोन करावा आणि, सर, आपल्यासारख्या अनुभवी माणसाची गरज आहे, असे म्हणावे. म्हणजे तो कामाला लागतो. माझ्यासारखा असेल तर तो कृषी केंद्रांच्या मागच्या उकिरड्यावरून कीटकनाशकांचे रिकामे डबे हातमोजे घालून उचलून आणतो, वेष्टनावरचे रंगीत त्रिकोण सर्वांना दिसावेत म्हणून ते प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करतो, आणि इस्त्रीचा सदरा घालून एसटीने येतो. त्याला व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसवावे. घंटा, प्रार्थना, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, दंड, सचिवांच्या घोषणा, मागच्या सहलीचा वृत्तान्त आणि पुढच्या सहलीची वर्गणी एवढे झाल्यावर त्याची ओळख करून द्यावी. ओळख करून देणाऱ्याने कागद हरवलेला असावा. मग कोणीतरी मागून म्हणावे, अध्यक्षमहोदय, वाढलेले थंड होत आहे, जेवता जेवताच ऐकू. झाले. वांगे-आलूची रस्सा भाजी, पुरी, बुंदी, कढी, मसालेभात आणि त्यासोबत मी.

मी त्रिकोण दाखवायला घेतले. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल डबा हातात धरला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बड्या सभासदांनी, साहेब, जेवताना हे नको, म्हणून हाताने बाजूला करण्याची खूण केली. बरोबर आहे. जेवताना नकोच. शेतात मात्र हेच औषध मारणारा मजूर त्याच बांधावर बसून त्याच हातांनी भाकरी खातो, आणि मधल्या वेळी त्याच हातांनी तंबाखूचा खर्रा तोंडात टाकतो, त्याला नको म्हणायला तिथे कोणी नसते. हे वाक्य मी मोठ्याने म्हटले. त्या वेळी कढीचे भांडे फिरत होते.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषाने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले आणि शेकडो जण रुग्णालयात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती. पंपाचा फवारा झाडावर जाण्याऐवजी तोंडावर येत होता, हवा कोंदट होती, अंगात घामाने भिजलेला बनियान होता, आणि दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवून मारा, असा सल्ला काउंटरवरून मिळत होता. विष नुसते तोंडावाटे जात नाही, कातडीतून जाते, ओल्या कपड्यातून तर फारच लवकर जाते. हे मी सांगत असताना सूत्रसंचालकाने माझ्यासमोर वेळेची चिठ्ठी ठेवली. पाच मिनिटेही झाली नव्हती. वाढपी मुलगा शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “काका, ताटं उचलाची हायेत, तुमचं झालं काय?” त्याच्यावर माझा राग नाही. त्याला सभागृह पुढच्या साखरपुड्यासाठी मोकळे करायचे होते आणि त्या दुपारी तिथे कामाचे बोलणारा तो एकटाच होता.

प्रश्नोत्तरांसाठी एक प्रश्न पुरतो. मला विचारला गेलेला प्रश्न असा होता की, गच्चीवरच्या गुलाबावर मावा पडला आहे, तर काय मारावे? मी कडुनिंबाचा अर्क सांगितला. टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. छायाचित्र काढताना मला मधे घेतले आणि डब्यांची पिशवी टेबलाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात, फवारणीबाबत शेतकऱ्यांना बहुमोल मार्गदर्शन, असा मथळा होता. त्या सभागृहात स्वतःच्या हाताने फवारणारा एकही शेतकरी नव्हता!

वार्षिक अहवालात हा प्रकल्प दोनदा दाखवता येतो, एकदा कृषी सेवेत आणि एकदा आरोग्य सेवेत.

मार्गदर्शन इथवरच. यापुढे मला उपरोध जमत नाही.

त्या खुर्च्यांवर कोण बसले होते, ते जरा मोजून पाहा. कीटकनाशक विकणारे तिथे होते. विषबाधा झालेला माणूस गावातून पहिल्यांदा ज्यांच्या दवाखान्यात आणतात, ते डॉक्टर तिथे होते. कर्ज देणारे होते, कापूस घेणारे जिनिंगवाले होते. पंधरा-वीस एकर शेती सालदारावर सोपवून गावात घर बांधलेले तर निम्म्याहून जास्त होते. ज्यांच्या ताटात बुंदी पडत होती त्यांच्याच शेतात, त्याच दुपारी, भर उन्हात कोणीतरी उघड्या अंगाने पंप पाठीवर घेऊन कपाशीच्या तासांतून चालत होते. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करायची असते, एवढेसुद्धा त्याला सांगायला मालकाला फुरसत झालेली नाही. एवढी योग्य माणसे एका खोलीत जमवायला सरकारी खात्याला हंगाम पुरत नाही. मी तीस वर्षे त्या खात्यात काढली आहेत, मला माहीत आहे. ती तुमच्याकडे दर सोमवारी आयती जमतात आणि जास्त जेवला म्हणून एकमेकांना दंड करतात!

तुम्हाला हे जमत नाही, असे म्हणू नका. पोलिओच्या रविवारी याच तालुक्यात याच क्लबांची माणसे बूथवर बसली आहेत, मी पाहिले आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचे काम अंगावर घेतले, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. त्यात खेड्यापाड्यातल्या क्लबांचा वाटा होता आणि तो कोणी नाकारू नये. म्हणूनच संताप येतो. ज्यांना काम जमतच नाही त्यांच्यावर कोण चिडतो?

दुकानदारसाहेब, तुम्हाला नवा प्रकल्प नको. लाल त्रिकोणाचा डबा काउंटरवर ठेवताना त्या रंगाचा अर्थ गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा, तीन औषधे एकत्र मारायला सांगू नका आणि डब्यासोबतची ती बारीक अक्षरांची घडी फेकू नका, वाचून दाखवा. डॉक्टरसाहेब, या विषावर उतारा म्हणून द्यायचे ॲट्रोपिन दवाखान्यात किती शिल्लक आहे, ते आज पाहा, रुग्ण लाळ गाळत दारात आल्यावर नको. आणि शेतमालक मंडळींनो, तुमच्या सोमवारच्या एका ताटाच्या पैशात सालदाराला हातमोजे आणि तोंडाला मास्क येतो. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा तर घरात पडलेलाच असेल. पंपाचा अडकलेला नोझल तो तोंडाने फुंकतो, हे तुम्ही बांधावरून पाहिले आहे आणि गाडी वळवून निघून आला आहात. फवारणीनंतर अंघोळीला साबण आणि कपडे वेगळे धुवायला बादली एवढे देण्यासाठी कोणत्या जागतिक अध्यक्षांचा संदेश यावा लागतो?

कपाशीची फवारणी अजून दिवाळीपर्यंत चालेल. मला पुन्हा बोलवायचे असेल तर जेवणाच्या आधी बोलवा, तुमच्या सालदारांना पहिल्या रांगेत बसवा, आणि शाल आणू नका.